ऊब मोजायला बसण्याआधी

आठवीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी विषय घेतला होता, 'प्राणी अंगातली ऊब कशी राखतात'. दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत कोमट पाणी, एकीला लोकर गुंडाळलेली. अर्ध्या तासाने बघतात तर लोकरीतली बाटलीच जास्त निवलेली! गटातल्या एकीने हळूच विचारलं, "सर, आकडे अदलाबदल करून लिहिले तर?"

म्हटलं, आकड्यांना हात लावू नका, आधी बाटल्या नीट बघा. लोकर नसलेल्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून तापमापी घट्ट बसवली होती. लोकरीतल्या बाटलीचं झाकण मात्र सापडलं नव्हतं, म्हणून तापमापी तशीच आत सोडलेली. 100 ग्रॅम पाण्यातलं 1 ग्रॅम जरी वाफ होऊन उडालं, तरी उरलेलं पाणी 5 ते 6 अंशांनी उतरू शकतं. लोकरीने अडवलेली उष्णता तोंडावाटे निघून जात होती.

तेव्हापासून असा प्रयोग करणाऱ्या प्रत्येक गटाला मी काही गोष्टी आधीच सांगतो.

प्रश्न एकच घ्या. पिसं फुलवणं, कातडीखालची चरबी, अंगाचं मुटकुळं करणं, एकमेकांना बिलगून बसणं, हे चार वेगळे प्रयोग आहेत. जे तपासायचं तेवढंच बदला. पाणी, भांडं, झाकण, सुरुवातीचं तापमान, सगळं सारखं हवं. पंखा बंद ठेवा.

थंडीत पारवा पिसं फुलवून बसतो, तेव्हा पिसांत हवा कोंडली जाते आणि ती हवाच उष्णता अडवते. हे तपासायचं तर दोन बाटल्यांना सारख्याच वजनाचा कापूस लावा. एकीला सैल, दुसरीला दाबून घट्ट बांधलेला. मुलं हटकून कापूस ठासून भरतात, पण दाबला की त्यातली हवाच निघून जाते.

अंटार्क्टिकातले एम्परर पेंग्विन हिवाळ्यात दाटीवाटीने उभे राहतात. त्यासाठी सात परीक्षानळ्या रबर बँडने बांधा, मध्ये एक आणि भोवती सहा. मधल्या नळीबरोबर कडेच्या नळीचंही तापमान घ्या आणि एक नळी एकटी ठेवा. पेंग्विन कळपात जागा बदलत राहतात, त्यामुळे नुसत्या मधल्या नळीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

खोलीचं तापमान टिपायला विसरू नका. पाणी निवण्याचा वेग पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. मे महिन्यात खोलीच 36 अंशांवर असेल, तर 40 अंशांचं पाणी फारसं हलणारच नाही. डिसेंबर उत्तम. पाणी 50 अंशांच्या वर नको, हात भाजतो. ताप मोजायची पाऱ्याची तापमापी इथे कुचकामी. झटकल्याशिवाय तिचा पारा खाली येत नाही. आणि सशाला किंवा कोंबडीच्या पिलाला थंडीत ठेवून बघण्याचा विचारही नको.

प्रयोग निदान तीनदा करा. एखादं वाचन विचित्र आलं तर ते खोडू नका, शेजारी कारण लिहा. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात, आणि ज्याला कारण सांगता येतं त्याला प्रयोग कळलेला असतो.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या. प्राणी अन्नातून उष्णता तयार करत राहतो, बाटली करत नाही. त्यामुळे 'लोकर ऊब देते' असं लिहू नका. 'लोकरीमुळे उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी झाला', एवढंच तुमच्या आकड्यांनी सिद्ध केलेलं असतं.