गुणांकन आणि पटावरचा डाव

बुद्धिबळ स्पर्धेत खेळाडूच्या नावापुढे बहुधा एक चार आकडी संख्या असते. ते त्याचे ‘एलो’ गुणांकन. हंगेरीत जन्मलेल्या व अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या प्रा. अर्पाद एलो यांनी ही पद्धत बसविली आणि १९७० साली जागतिक संघटनेने ती स्वीकारली. समोरच्याचा मोठा आकडा पाहूनच अनेकजण निम्मा डाव हरतात. म्हणून या आकड्याचा अर्थ एका उदाहरणाने पाहू.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. एकीकडे कोनेरू हम्पी, गुणांकन २५४३. दुसरीकडे आमच्या भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरील नागपूरची, माझ्याच वयाची म्हणजे एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, गुणांकन २४६३. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता.

फरक ८० गुणांचा. विजयाला एक व बरोबरीला अर्धा गुण धरल्यास, एवढ्या फरकात दुबळ्या बाजूने शंभर डावांत सुमारे ३९ गुण मिळवावेत, असे एलोचे सूत्र सांगते. म्हणजे एका डावाची अपेक्षा ०.३९. यावरून बरोबरी दोघींना सारखी नसते, हे ध्यानात येईल. या दर्जाच्या खेळाडूंना १० हा गुणक लागतो. त्यामुळे एका बरोबरीने दिव्याला सुमारे १.१ गुण मिळतात व हम्पीचे तेवढेच जातात. दिव्या जिंकल्यास ६.१ मिळतात, हरल्यास ३.९ जातात.

पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले. त्यांचे गुणांकन वेगळे मोजतात आणि त्या प्रकारात तर हम्पी तेव्हाची जगज्जेती! पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली. २.५ विरुद्ध १.५ अशा गुणांनी विश्वचषक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली.

मग सूत्र खोटे ठरले काय? मुळीच नाही. ३९ म्हणजे शून्य नव्हे, आणि ६१ म्हणजे शंभर नव्हे. गुणांकन मागील डावांचा हिशेब ठेवते. पुढचा डाव मात्र खेळूनच ठरतो. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या आम्हां मुलामुलींना बारावीची टक्केवारी अशीच चिकटलेली असते. ती खोटी नसते. पण तिच्यात मागचा हिशेब असतो, पुढचा निकाल नसतो. एवढे उमगले तरी पटासमोर बसताना हात कापणार नाहीत.