ॲपची चित्रे

मुलांनो, काचेतली मिठाई पाहून आपण दुकानात शिरतो. मोबाइलच्या ॲपचेही तसेच आहे. ‘गूगल प्ले’ हे ॲपचे दुकान. तेथे लोक आधी चित्रे पाहतात, मग ॲप घेतात.

समजा, तुम्ही उर्दू-मराठी शब्दकोशाचे ॲप तयार केले. प्रथम त्याचे चिन्ह काढा. ते ५१२ पिक्सेल लांब व तितकेच रुंद द्यावे लागते. पण मोबाइलवर अगदी लहान दिसते. म्हणून त्यात एकच ठळक आकृती ठेवा.

नंतर स्क्रीनशॉट, म्हणजे ॲपच्या पडद्याची चित्रे द्या. ती किमान २ लागतात. मुख्य उपयोग पहिल्याच चित्रात दाखवा : शब्द लिहिला, अर्थ मिळाला. वर मोठ्या अक्षरांत तीन-चार शब्द लिहा. उर्दू वाचकांसाठी उर्दूत, मराठी वाचकांसाठी मराठीत.

‘सर्वांत उत्तम ॲप’ असे मात्र लिहू नका. ते गूगल प्लेच्या नियमांत बसत नाही. जे ॲपमध्ये नाही, ते चित्रातही नको. फसलेला माणूस ॲप काढून टाकतो आणि पुन्हा विश्वास ठेवत नाही. चित्र सुंदर असावे; त्याआधी ते खरे असावे.

शब्दार्थ : ठळक – उठून दिसणारे, किमान – कमीत कमी.

स्वाध्याय : चिन्हात एकच आकृती का ठेवावी?