शांत पाणी आणि खोल समुद्र

(निरनिराळ्या लोकांच्या चालीरीती व श्रद्धा यांचा अभ्यास मानवशास्त्रात केला जातो. हा अभ्यास कसा चालतो, ते या पाठात सांगितले आहे.)

दूरच्या लोकांचे मंत्र व विधी यांविषयी ऐकले, की आपण चटकन म्हणतो, "किती अडाणी लोक!" पण त्यांच्यात राहिल्यावरही आपल्याला असेच वाटेल का?

पूर्वी अनेक अभ्यासक प्रवाशांची वर्णने वाचून घरबसल्या ग्रंथ लिहीत. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी निराळी वाट धरली. त्यांचा जन्म १८८४ साली क्राको शहरात झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. १९१५ साली ते न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रॉब्रिअंड बेटांवर गेले. तेथे त्यांनी गावातच तंबू ठोकला. ते लोकांची भाषा शिकले. त्यांची शेती, मासेमारी, सण आणि भांडणेही ते रोज जवळून पाहू लागले. १९१८ पर्यंत दोन खेपांत मिळून ते सुमारे दोन वर्षे तेथे राहिले.

तेथे त्यांना एक नवल दिसले. किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या आडोशाला पाणी उथळ व शांत होते. तेथे मासे सहज मिळत. त्या मासेमारीसाठी कोणी मंत्र म्हणत नसे. खोल समुद्रात मात्र वादळाची भीती असे आणि मासे मिळतीलच याची खात्री नसे. तेथे जाताना लोक अनेक विधी करत.

मग हे लोक मंत्रावरच विसंबून होते का? मुळीच नाही. होडी मजबूत कशी बांधावी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शेतातही ते मंत्र म्हणत. पण तण काढायला विसरत नसत. मॅलिनोव्स्की यांनी यावरून असे मत मांडले, की जेथे माणसाचे ज्ञान व कौशल्य अपुरे पडते, तेथे विधी त्याला धीर देतात.

फ्रेंच विचारवंत एमिल दुरखाइम यांनी १९१२ साली दुसरी बाजू दाखवली होती. एकत्र येऊन केलेले विधी माणसांना एकमेकांशी जोडतात, असे त्यांचे म्हणणे होते.

श्रद्धा खरी की खोटी, याचा निवाडा मानवशास्त्र करत नाही. ती माणसाच्या जीवनात काय काम करते, हे ते पाहते.

असे पाहणे सोपे नसते. मॅलिनोव्स्की १९४२ साली वारले. त्यांची खाजगी रोजनिशी १९६७ साली छापली गेली. बेटावरच्या लोकांवर ते किती चिडत, हे तीतून कळले. तरीही ते त्या लोकांत गेले, त्यांना विचारत राहिले आणि ऐकत राहिले. दुसऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी आपणही एवढे करू शकतो.

शब्दार्थ
विसंबणे – भरवसा ठेवणे
धीर – हिंमत
निवाडा – फैसला
रोजनिशी – रोजच्या घटना लिहिण्याची वही

स्वाध्याय
१. मॅलिनोव्स्की यांची अभ्यासाची पद्धत कोणत्या बाबतीत निराळी होती?
२. कारण लिहा : खोल समुद्रात जाताना लोक विधी करत.
३. शेजारच्या घरातील एका सणाची माहिती त्यांनाच विचारून पाच वाक्यांत लिहा.