गिऱ्हाइकाची निष्ठा

येरमाळ्यावरून सोलापूर-धुळे महामार्गाने जाणारा प्रवासी वाटेत पेढे घेताना "कुंथलगिरीचे आहेत ना?" असे मुद्दाम विचारतो. पेढा जिभेवर पडण्यापूर्वीच त्याचा विश्वास त्या नावावर बसलेला असतो. असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. कारण आपण सर्वच गिऱ्हाईक आहोत, आणि आपणांपैकी कित्येक विद्यार्थी पुढे दुकानाच्या गादीवरही बसतील.

पहिले कारण सवय. सवयीने कृत्य सुलभ होते व त्यासाठी अवधान कमी लागते, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली विशद केले. नित्य नवे दुकान शोधणे, भाव करणे, माल पारखणे यांत मनास शीण होतो. ओळखीच्या दुकानी तो वाचतो.

दुसरे कारण विश्वास; आणि तो अनुभवावाचून येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी तो घेण्यास धजेनात. अशी भीती नुसत्या शब्दांनी जात नाही. नांगरलेले रान डोळ्यांनी पाहावे लागते. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली व तेथील नांगर गावोगाव पोहोचला. शेतकऱ्यास ज्याचे भय वाटत होते, तेच नाव त्याच्या भरवशाचे झाले.

तिसरे कारण आपलेपणा. चैत्री पौर्णिमेस येडेश्वरीच्या यात्रेत पाल ठोकणाऱ्या व्यापाऱ्याची व गिऱ्हाइकाची गाठ वर्षातून एकदाच पडते. तरीही ज्याने गेल्या वर्षी चोख माल दिला, त्याचेच पाल लोक गर्दीतून शोधीत येतात. मग बारमाही दुकान चालविणाऱ्याने घरच्या माणसांची विचारपूस केली व माप पुरे दिले, तर त्याचा ऋणानुबंध किती दृढ होईल बरे!

परंतु दुकानातील प्रत्येक फेरा निष्ठेचा नसतो. ज्या शेतकऱ्याने बियाणे उधारीवर उचलले, तो खतही तेथूनच नेतो. कारण जुनी बाकी फिटल्यावाचून त्यास दुसरीकडे तोंड दाखविता येत नाही. यास निष्ठा म्हणू नये. हे बंधन होय. ज्यास सोडून जाता येते आणि तरीही जो परत येतो, तोच खरा निष्ठावंत. जो दुकानदार या दोहोंची गणना एकत्र करितो, तो स्वतःचीच फसवणूक करितो. कारण बाकी फिटताच अर्धे गिऱ्हाईक उठून जाते.

गिऱ्हाइकानेही डोळे मिटून निष्ठा ठेवू नये. नाव कोणासही पाटीवर रंगविता येते. म्हणूनच कुंथलगिरीच्या खव्यास 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि मानांकन नावाचे रक्षण करील. चवीचे रक्षण कढईपाशी बसणाऱ्यानेच करावयाचे असते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी नित्य येणाऱ्या एखाद्या जिनसेविषयी वडील मंडळींस विचारून पाहा : ही आपण सवयीने घेतो, विश्वासाने घेतो, की उधारीमुळे? उत्तर काहीही येवो. ते ठाऊक असणे यातच शहाणपण आहे.