मालमोटारीचे इंजिन ऑईल केव्हा बदलावे?

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक, धुळे, इंदूर मागे टाकीत ग्वाल्हेरला पोचणारी मालमोटार एका फेरीत सुमारे १,१०० किलोमीटर अंतर तोडते. लष्कर भागातील नया बाजारासारख्या दाट पेठेत माल पोचविणारी लहान मालमोटार दिवसाकाठी ४० किलोमीटरही धावत नसेल. तिचे ऑईल दीर्घकाळ टिकेल, असा मालकाचा सहज समज होतो. किलोमीटरच्या हिशेबाने वस्तुस्थिती उलट असते.

डिझेल जळताना काजळी, पाण्याची वाफ व आम्ले निर्माण होतात. ऑईलमधील रासायनिक द्रव्ये काजळी तरंगती ठेवतात, आम्ले निष्प्रभ करतात आणि त्यातच हळूहळू संपुष्टात येतात. लांबच्या प्रवासात इंजिन पुरेसे तापते व वाफ निघून जाते. पेठेत मात्र माल उतरेपर्यंत गाडी उभ्यानेच चालू ठेवली जाते. अर्धवट तापलेल्या इंजिनात न जळलेले डिझेल पिस्टनच्या रिंगांवाटे खाली झिरपून ऑईल पातळ करते. किलोमीटरचा काटा तेव्हा जागचा हलत नाही! म्हणून किलोमीटरबरोबर इंजिन चालल्याचे तासही नोंदवावेत.

ऑईल काळे पडणे ही बदलण्याची खूण नव्हे. डिझेल इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळे होते. ते काम करीत असल्याचेच ते लक्षण होय. गेजवर ऑईलची पातळी वाढलेली दिसणे मात्र धोक्याचे. त्यात डिझेल किंवा पाणी मिसळत असते. पाण्याने ऑईल दुधाळ होते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. त्यामुळे आम्ले घटली. सुधारित ऑईलमुळे काही नव्या अवजड गाड्यांची मुदत जुन्यांच्या कितीतरी पट झाली. परंतु शेजाऱ्याच्या नव्या गाडीची मुदत आपल्या जुन्या इंजिनास लावणे आत्मघातकीपणाचे आहे. बेअरिंग जळून क्रँक खराब झाल्यास महिनोन्‌महिन्यांची कमाई दुरुस्तीत जाते. निर्मात्याच्या पुस्तिकेत बहुधा दोन मुदती असतात: साधारण वापराची आणि धूळ, जादा भार, थांबत-थांबत चालणे अशा कठीण वापराची. पेठेतील गाडीस दुसरी, कमी मुदतच लागू पडते. ऑईलचा दर्जाही पुस्तिकेत सांगितलेलाच असावा; धुराड्यात काजळीची गाळणी असलेल्या नव्या गाड्यांना कमी राखेचे, सीके-४ सारखे ऑईल लागते.

ऑईल इंजिन गरम असताना काढावे व त्याच वेळी फिल्टर बदलावा. काढलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते. ते गटारात वा बांधावर न ओतता झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाईल, अशी व्यवस्था करावी.