डोळखांबचा रानमेवा

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात डोळखांब नावाचे गाव आहे. तेथून डेहण्याच्या वाटेला लागले, की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते आणि तिच्यात आजोबाचा डोंगर उठून दिसतो. उन्हाळ्यात हा मुलूख रखरखीत भासतो. नाले आटतात, गवत वाळून जाते. परंतु याच दिवसांत रान आपले कोठार उघडते. तोरणे, करवंदे, अळू, जांभळे असा मेवा एकामागून एक पिकू लागतो.

या मेव्यात करवंदाचा मान मोठा. त्याची जाळी सदा हिरवी आणि काटेरी असते. उन्हाळ्याच्या तोंडी तिच्यावर जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. मग हिरवी फळे धरतात. ती हळूहळू तांबूस होतात आणि वैशाखात काळीभोर दिसू लागतात. हिरव्या करवंदांचे लोणचे घालतात. पिकलेली तशीच खातात. फळ तोडताच देठातून पांढरा चीक येतो. मुले फळ फोडून पाहतात. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी!

ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या घरांतील बायका-मुले पहाटेच जाळ्यांकडे निघतात. काट्यांनी हात ओरबाडतात, पण फांदी मोडली जात नाही. पानांच्या द्रोणात भरलेली ही फळे विकून मीठमिरचीची सोय होते. अशा वनोपजावरील वनवासीयांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे.

एकदा शहरातून आलेला एक मुलगा अशाच एका आजीबरोबर रानात गेला. परतताना एका कुंपणाखाली त्याला वाळलेली फळे दिसली. एक फोडले, तर आत तीन काळ्या बिया! एक सोलून तो तोंडात टाकणार, तोच आजीने त्याचा हात धरला.

"टाक ती! मोगली एरंड आहे तो."

"पण आजी, आतून शेंगदाण्यासारखी दिसते."

"म्हणूनच पोरे फसतात. चवीलाही वाईट लागत नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात."

"मग चांगले फळ ओळखायचे कसे? पाखरे खातात ते खावे का?"

आजी हसली. "काजऱ्याचे नारिंगी फळ धनेश खातो. माणसाच्या पोटात त्याची बी गेली, तर जीव जातो. पाखराचे पोट वेगळे, आपले वेगळे."

आजीचे म्हणणे खरे होते. काजऱ्याच्या बीत जहाल विष असते. लालचुटूक गुंजही तशीच. दिसायला मोहक, परंतु चावल्यास घातक. रंग, वास किंवा गोडी यांवरून फळाची पारख होत नाही. झाडाचे पान, काटा, फूल आणि हंगाम ही सर्व ओळखावी लागतात. ती ओळख जाणत्या माणसाबरोबर हिंडूनच होते. ओळख पटली नाही, तर फळ झाडावरच राहू द्यावे.

निघताना मुलाने पाहिले, की आजीने प्रत्येक जाळीवर थोडी करवंदे ठेवली होती. ती कोणासाठी, हे त्याने विचारले नाही. जाळीत एक बुलबुल केव्हाचा वाट पाहत बसला होता.