हरितगृहाचा कागद कसा निवडावा? (परसबाग, गणित आणि विज्ञान एकत्र)



शाळेच्या परसबागेत एक छोटं हरितगृह असावं, असं बऱ्याच शाळांना वाटतं. पाईप कुणीतरी पालक देतात, वेल्डिंग गावातच होतं, थोडी लोकवर्गणी जमते. मग गाडी अडते ती कागदापाशी. हरितगृहावरच्या पारदर्शक प्लास्टिकला आपले शेतकरी कागदच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

दुकानात दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, तर साध्या डोळ्यांना फरक कळत नाही. दोन्ही पारदर्शक, दोन्ही चकचकीत. किंमत मात्र बरीच वेगळी. साहजिकच स्वस्त कागद घरी येतो. दिवाळीनंतर चढवलेला तो कागद उन्हाळ्यात कडक व्हायला लागतो, घडीवर तडकतो आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात चिंध्या होतात. मुलांची रोपं उघड्यावर पडतात आणि वर्गणीसाठी त्याच दारात दुसऱ्यांदा जायला कुणाचं मन होत नाही. त्यामुळे हा विषय नुसता खरेदीचा नाही, वर्गात शिकवण्यासारखा आहे.

आधी कागद का मरतो ते पाहू. हा कागद पॉलिथिनचा असतो. पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये सापडलं आणि १९४८ च्या सुमारास अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट या प्राध्यापकांनी काच परवडत नाही म्हणून प्लास्टिकचं हरितगृह उभं केलं. पॉलिथिन म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. सूर्याच्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्या साखळ्या जागोजागी तुटतात. साखळ्या लांब असतात तोवर कागद ताणला जातो. तुटून आखूड झाल्या की तो ताणला न जाता फाटतो. हे टाळण्यासाठी चांगल्या कागदात बनवतानाच अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनं मिसळतात. दुकानदार ज्याला 'यूव्ही कागद' म्हणतात तो हाच.

म्हणजे टिकाऊपणाचे दोन भाग झाले: जाडी आणि अतिनील संरक्षण. जाडी मोजता येते, संरक्षण डोळ्यांना दिसत नाही. गोंधळ होतो तो इथेच. जाड कागद म्हणजे टिकाऊ कागद, असं आपण धरून चालतो. पण संरक्षण नसलेला जाड कागदही उन्हात मरतोच.

पॉलिहाऊससाठी आपल्याकडे सर्रास २०० मायक्रॉनचा कागद वापरतात. दुकानात 'गेज' हा शब्दही ऐकू येईल. १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, म्हणजे २०० मायक्रॉन म्हणजे ८०० गेज. एवढा पातळ कागद पट्टीने मोजता येत नाही. पण वजनकाटा आहे ना! पॉलिथिनची घनता सुमारे ०.९२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. एक चौरस मीटर, २०० मायक्रॉनचा कागद घेतला तर त्याचं आकारमान २०० घन सेंटिमीटर भरतं आणि वजन १८४ ग्रॅम. अर्धा मीटर बाजूचा चौरस कापला तर ४६ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही हे समजतं.

आता दहावीचं महत्त्वमापन कामाला लावू. समजा, आपलं हरितगृह अर्धगोल कमानीचं आहे: लांबी ६ मीटर, रुंदी ३ मीटर. त्रिज्या १.५ मीटर, म्हणजे कमानीची लांबी सुमारे ४.७१ मीटर. (मधली उंची फक्त दीड मीटर. मुलं आरामात फिरतील, गुरुजींना वाकावं लागेल.) दोन्ही बाजूंना मातीत गाडायला अर्धा अर्धा मीटर धरला की ५.७१ मीटर. गुणिले ६, म्हणजे ३४.२६ चौरस मीटर. दोन टोकांना ३.५ मीटर बाय २ मीटरचे दोन तुकडे, म्हणजे आणखी १४. एकूण ४८.२६ चौरस मीटर आणि वजन सुमारे ८.९ किलो. तेवढ्याच मापाचा गठ्ठा ६ किलोच भरला, तर कागद २०० नसून १३५ मायक्रॉनच्या आसपास आहे. हे गणित मुलांकडूनच करून घ्या आणि खरेदीला दोन मुलांना सोबत न्या. काट्यावर गठ्ठा चढतो तेव्हा घनता हा शब्द त्यांना पुन्हा समजवावा लागत नाही.

संरक्षणाचं मात्र लेखी मागावं लागतं. कागदावर किंवा गठ्ठ्यावर कंपनीचं नाव, मायक्रॉन आणि उत्पादनाचा महिना-वर्ष आहे का पाहा. हरितगृहाच्या कागदासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५८२७. त्याचा उल्लेख आहे का विचारा. किती वर्षांची हमी ते बिलावर लिहून घ्या. चांगल्या कागदाला साधारण तीन वर्षांची हमी मिळते. 'टिकतो हो, बिनधास्त न्या' ही हमी नव्हे.

यावर एक सोपा प्रयोग करता येतो. साधा पारदर्शक कागद आणि यूव्ही कागद यांच्या पट्ट्या एका फळीवर ठोकून गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. तशाच पट्ट्या कपाटातही ठेवा, तुलनेसाठी. दर महिन्याला घडी घालून, हलकंच ताणून नोंद करायची. जून ते एप्रिल एवढ्यात मुलांना फरक हाताला जाणवेल.

बाकी प्रकारांबद्दल थोडक्यात. दुधी दिसणारा, प्रकाश पसरवणारा कागद आपल्या कडक उन्हाला बरा. पानांवर थेट झोत पडत नाही आणि खालच्या पानांनाही उजेड मिळतो. दव न ठिबकणारा कागद घेतला, तर त्याची आतली बाजू कोणती ते विचारूनच चढवा. उलटा लावला तर जादा पैसे गेले. रात्रीची उष्णता धरून ठेवणारा कागद महाग असतो. साधं पॉलिथिन उष्णतेच्या किरणांना बऱ्यापैकी बाहेर जाऊ देतं, तरी दिवसा हरितगृह तापतंच. कारण गरम हवा कोंडली जाते. आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्येच एका पेटीवर काच आणि दुसरीवर उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणारी सैंधवाची तबकडी ठेवून पाहिलं. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. आपल्याकडे अडचण तापण्याचीच जास्त, त्यामुळे शाळेच्या परसबागेला तो महाग कागद लागत नाही असं माझं मत. ते पैसे झरोक्यांवर आणि उन्हाळ्यातल्या शेडनेटवर घाला.

चांगला कागदही चुकीच्या हाताळणीने लवकर जातो. लोखंडी पाईप उन्हात चटका बसेल एवढा तापतो आणि कागद नेमका तिथेच आधी सडतो. म्हणून कागद टेकतो तिथे पाईपला पांढरा रंग द्या किंवा जुन्या कागदाची पट्टी गुंडाळा. टोकदार वेल्डिंग घासून घ्या. वारा पडलेला असताना, सकाळची थंडी ओसरल्यावर कागद चढवा. भर दुपारी नको. तो फडफडला की फाटतो, म्हणून स्प्रिंगच्या तारेने घट्ट बसवा. आणि भुरीसाठी गंधक मारताना जपून. गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधं कागदातल्या संरक्षक रसायनांना निकामी करतात; बऱ्याच हमीपत्रांत याची अट असते.

किंमतीची तुलना वर्षाच्या हिशोबाने करा. समजा (आकडे फक्त उदाहरणासाठी), साधा कागद २,००० रुपयांना आणि एक वर्ष टिकणारा, यूव्ही कागद ४,५०० रुपयांना आणि तीन वर्षं टिकणारा. वर्षाला २,००० विरुद्ध १,५००. शिवाय दरवर्षी कागद चढवायची मजुरी, किंवा शिक्षकांचा एक रविवार, वेगळाच.

कागद चढवला त्या दिवसाची तारीख दारावर ऑइलपेंटने लिहून ठेवा आणि बिल शाळेच्या फाइलला लावा. उतरवलेला कागद जाळू नका. धुऊन, घडी करून भंगारवाल्याला द्या. त्याआधीच त्याचे तुकडे पडू लागले असतील तर ते वेचून घ्या, कारण ते त्याच मातीत मिसळतात जिथे मुलं पुढच्या वर्षी मेथी लावणार असतात.